बिनसाबणाचा कुंदा

ती गेली त्याला अजून वर्ष झालं नाही, आणि बोळातली माणसं तिला येडी म्हणायला लागली. ती होती तेव्हा तोंडावर म्हणायची एकाची छाती नव्हती. आता चहाच्या टपरीवर बसतात आणि म्हणतात, "म्हातारीला नाकाचा पत्ता न्हाय आनि वासाचं झाड लावून बसलीती. येडीच की!" परवा हे ऐकलं आणि मी अर्धा कप चहा तसाच ठेवून उठलो. मी शाळेत फार गेलो नाही. मास्तरांपेक्षा मेंढरांमागं जास्त चाललो. पण जे डोळ्यांनी बघितलंय ते लिहायला शाळा लागत नाही. ती कशी होती ते मी लिहितो, मग कुणी येडं म्हणायचं आणि कुणाला, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

ती माझी घरमालकीण. भवानी पेठेत आमच्या बोळाच्या टोकाला तिचं घर, मागं फरशी न घातलेलं अंगण, अंगणाच्या कडेला भाड्याच्या तीन खोल्या. जातीनं विणकर, घरात तेलुगू बोलायची. नवरा कधीच गेलेला, मुलगा भिवंडीला मागावर. बोळ तिला अव्वा म्हणायचा. मी अक्का म्हणत होतो, कारण अव्वा म्हणजे आजी आणि तिला आजी म्हणण्याइतका मी लहान नव्हतो. ती मला माझ्या नावानं कधी हाकच मारायची नाही. मी सांगोल्याकडचा, म्हणून तिनं माझं नावच सांगोला ठेवलं होतं. "ए सांगोला, पिंप भरलं का?" मला याचा राग यायचा. माणसाला आईबापानं नाव ठेवलेलं असतं, तालुक्याच्या नावानं हाक मारायला मी काय एसटी आहे?

खोली बघायला गेलो तो दिवस मला पक्का आठवतो. तेव्हा मी टॉवेलच्या कारखान्यात माग चालवायचो. बाकीचे घरमालक विचारायचे, गाव कुठलं, काम काय, बायकापोरं किती. हिनं दारातच मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "तू साबण लावते काय?"

"लावतो की. मानूस हाय मी."

"कुठली?"

"लाल वडी."

"जमणार नाही. जा."

मला वाटलं साबण स्वस्तातला आहे म्हणून म्हणते. मी म्हणालो, "मग कुटली लावू? वासाची लावू का?" तर अजूनच भडकली. मला हाताला धरून अंगणात नेलं. तिथं एक कुंद्याचं झाड होतं. झाड म्हणजे झुडूपच, पण माणसाच्या खांद्याइतकं, गच्च, हिरवंगार. सोलापूरच्या उन्हाळ्यात कडुनिंबसुद्धा धुळीनं पांढरा दिसतो, पण ह्या कुंद्याचं पान उन्हाळ्यातही हिरवं. त्याच्या आळ्याला लागून आंघोळीचा काळा दगड. गडीमाणसांनी त्या दगडावर बसून आंघोळ करायची, आणि बायकांची मोरी आडोशाला, तिचा पाइपही त्याच आळ्यात सोडलेला. आंघोळीचं सगळं पाणी कुंद्याला. म्हणून साबण बंद. अंगाला डाळीचं पीठ लावायचं. तिच्या घरात भाड्यानं राहायची एवढी एकच अट होती, ना डिपॉझिट, ना कागद.

मी म्हणालो, "माज्या अंगाला काय घासायचं ते तुमी ठरवनार व्हय?"

ती म्हणाली, "अंग तुझी. पाणी माझी. झाड पण माझी."

मी तडक निघून आलो. दुसऱ्या पेठांमध्ये फिरलो, कुठं खोली अंधारी, कुठं मालक दारुडा, कुठं संडासाची रांग गल्लीच्या बाहेर. शेवटी पिशवी घेऊन परत तिच्याच दारात उभा राहिलो.  ती आत गेली आणि वाटीभर डाळीचं पीठ आणून माझ्या हातात दिलं. मला त्या वाटीचा अपमान वाटला होता. तरी सांगतो, त्या पिठानं माझी कातडी आजसुद्धा तरण्या माणसासारखी आहे.

आता बोळातल्या लोकांचं दुसरं बोलणं. "मान्साला प्यायला पानी न्हाय आनि म्हातारी झाडाला वतती." आमच्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. मधे किती दिवस जातील ते नळालाच ठाऊक. पाणी आलं की बोळभर भांड्यांचा आवाज. पण मी एवढी वर्षं त्या अंगणात राहिलो, त्या बाईनं नळाचा एक कोरा तांब्या त्या झाडाला घातलेला मी बघितलेला नाही. तांदळाचं धुवण, डाळीचं धुवण, आंघोळीचं पाणी, एवढ्यावर ते झाड जगलं. आणि हे बोलणारे कोण? तर नळाच्या दिवशी दारात पाइप लावून मोटारसायकली धुणारे! गटारीला पाणी जातं ते ह्यांना दिसत नाही. झाडाला गेलेलं दिसतं.

आता नाकाचं सांगतो. अक्का तरुणपणी सूत रंगवायच्या कामावर होती. रंगाच्या भट्टीवर उभं राहायचं, उकळत्या रंगात सुताच्या लडी फिरवायच्या, वर तेजाबाचा धूर. नवरा-बायको दोघंही तिथंच. नवऱ्याची छाती गेली, हिचं नाक गेलं. पुरतंच गेलं. तिच्या हाताखाली दूध उतू जाऊन करपलं तरी तिला कळायचं ते दिसल्यावर. हे बोळात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच हसायचे. नाक नसलेल्या बाईनं कुंदा लावावा, आणि त्याच्यासाठी साऱ्या भाडेकरूंचा साबण बंद करावा!

कुंदा थंडीत फुलतो. मार्गशीर्षात कळ्या धरतात, पौष-माघात झाड पांढरं होतं. दिवस उजाडायच्या सुमाराला अक्का दगडाजवळ उभी असायची आणि जो भाडेकरू तांब्या घेऊन येईल त्याला विचारायची, "वास आली का?" तेलुगू माणूस, वास आली म्हणायची. "किती आली? कुठपर्यंत आली? दारापर्यंत आली का झाडाजवळच?"

थंडीत अंगावर पहिला तांब्या घ्यायच्या आधी माणसाला कसली शुद्ध असते? पण उत्तर दिल्याशिवाय ती पाणी घेऊ द्यायची नाही. बाकीचे भाडेकरू लबाड. "व्हय अव्वा, लई आला, घमघमाट सुटलाय," म्हणून मोकळे व्हायचे. मी तसा नव्हतो. मी झाडाजवळ जायचो, नाक लावायचो, आणि आला तर आला, नाही तर नाही. ढगाळ असेल तर मी सरळ सांगायचो, "आज न्हाय." ती मान हलवायची आणि जायची. कधी म्हणायचो, "हाय, पर कालच्यापेक्षा कमी." तेव्हा तिच्या तोंडावर जे यायचं ते मी लिहू शकत नाही. खूश झाली म्हणावं तर तसं नव्हतं. कुणीतरी आपल्याला जिवंत माणसांत धरतंय, असं काहीतरी.

हळूहळू असं झालं की ती मलाच विचारायला लागली. बाकीच्यांना विचारणंच बंद. आणि त्याच्या जोडीला एक भलतंच काम माझ्या गळ्यात पडलं. कुणा भाडेकरूनं चोरून साबण लावला अशी शंका आली की ती त्याचा टॉवेल दोरीवरून ओढायची आणि माझ्या नाकाशी आणायची. "बघ सांगोला." मी साठी ओलांडलेला माणूस, लोकांचे ओले टॉवेल हुंगत बसलोय! मी तिला म्हणालो, "अक्का, हे काम मी करनार न्हाय. मला काय समजलीस?" ती म्हणाली, "खरं बोलणारी नाक."  हुंगले टॉवेल. दोन भाडेकरू माझ्या नाकापायी खोली सोडून गेले. त्यांनी बोळात माझी जी बदनामी केली ती वेगळीच.

ज्या थंडीचं मला सांगायचंय त्या वर्षी दसऱ्यानंतर मधल्या खोलीत एक जोडपं आलं. नवरा रिक्षा चालवायचा, बायको शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात शिलाईला. पोरगी अक्कलकोटकडची, तोंडानं गोड. पहिल्याच आठवड्यात अंगणातून येता येता मोठ्यानं म्हणाली, "अव्वा, काय ग्वाड वास सुटलाय बगा तुमच्या झाडाचा!"

दिवाळी अजून यायची होती. झाडावर कळीसुद्धा नव्हती.

अक्कानं तिला झाडाजवळ नेलं. "कुठं आहे फूल? दाखव. मला दिसत नाही, तू दाखव."

पोरगी खाली बघायला लागली. "म्हंजे... मला वाटलं, तुमाला बरं वाटंल."

"मला बरं वाटायला तुला खोली दिली नाही," अक्का म्हणाली. त्या दिवसापासून तिनं त्या पोरीला दुसऱ्या नावानं हाकच मारली नाही. लबाड. "ए लबाड, दार लाव." "ए लबाड, तुझी गॅस आली." पोरगी ऐकून घ्यायची. मला दया यायची, पण मी मधे पडलो नाही. खोटं ते खोटं.

मग थंडी पडायला लागली आणि मला ताप आला. त्या मोठ्या साथीत अख्खा बोळ आडवा झाला होता तरी मला साधी शिंक आली नव्हती, आणि हे मी सगळ्यांना सांगत असे. हा तापही थोड्या दिवसांत उतरला. तोंडाची चव तेवढी गेली ती परत आली नाही. तापानंतर तोंडाला चव नसतेच, त्यात काय विशेष? बायको गेल्यापासून मी हातानंच करून खातो, चव असली काय, नसली काय.

कुंदा त्या वर्षी असा फुलला होता की पानं दिसेनात. अक्का रोज पहाटे उभी. "वास आली का?"

मी नाक लावायचो. नव्हता वास. "न्हाय अक्का."

दुसऱ्या दिवशी, "न्हाय." तिसऱ्या दिवशी, "न्हाय." मी फूल तोडून नाकाशी धरलं, चुरगाळून बघितलं. नुसतं पांढरं फूल. मी काय खोटं बोलणार होतो?

शिलाईची पोरगी एकदा खोलीच्या दारातूनच म्हणाली, "अव्वा, वास हाय की. खरंच येतोय." अक्कानं तिच्याकडं मान वळवून पण बघितलं नाही. "तू गप, लबाड." रिक्षावाला म्हणाला येतो, तिसऱ्या खोलीतला म्हातारा म्हणाला येतो, शेजारची बाई भिंतीवरून म्हणाली येतो. अक्काच्या लेखी हे सगळे तिला बरं वाटावं म्हणून बोलणारे. सांगोला नाही म्हणतो ना? मग नाही. तिचा माझ्यावर एवढा भरवसा होता, आणि मला त्याचा अभिमानही होता.

तिनं सगळ्यांचे टॉवेल माझ्याकडून हुंगवले. कशालाच साबणाचा वास नव्हता. मग तिला वाटलं, आंघोळीला घेतो ते बोअरचं खारं पाणी नडतंय. ते बंद केलं. मग वाटलं माती जुनी झाली. मुळाशी नवी माती घातली. फुलं तशीच ढीगभर, आणि माझं "न्हाय" पण तसंच. ती जेवेना. रोज झाडाकडं बघत दगडावर बसायची. एक दिवस सकाळी कोयता घेऊन बाहेर आली.

"सांगोला, तोडून टाकू. वास नाही तर कशाला पाणी पितो? लोकांना प्यायला नाही."

बोळातले लोक वर्षानुवर्षं जे बोलत होते ते त्या दिवशी तिच्या तोंडून ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. "अक्का, कोयता ठेव. एवढ्या वर्साचं झाड. पुडच्या साली यील वास."

"तू रोज नाही म्हणते. मी तुझी ऐकते."

"मी वास न्हाय म्हनलो, तोड म्हनलो काय?"

"वास नाही तर ती काय झाड आहे? काटक्या!"

"काटक्या असल्या म्हनून काय झालं? तुजं नाक न्हाय म्हनून आमी तुला तोडलं का?"

हे बोलायला नको होतं की काय कुणास ठाऊक, पण बोललो. तिनं कोयता दगडावर आपटला. ती तेलुगूत, मी माणदेशीत, असं आमचं सुरू झालं. बोळातली दोन-चार डोकी भिंतीवरून दिसायला लागली. आम्ही दोघं त्या झाडाच्या दोन बाजूंना उभे राहून, त्याला वास आहे का नाही यावर भांडत होतो.

तेवढ्यात ती शिलाईची पोरगी माझ्या खोलीकडं धावली. "मामा! ओ मामा! डाळ!"

माझ्या खोलीच्या दारातून धूर येत होता. मी शेगडीवर डाळ ठेवून आलो होतो. पोरीनं फडक्यानं पातेलं धरून बाहेर आणलं आणि अंगणात टाकलं. तळ कोळशासारखा. सगळा बोळ नाकाला पदर, रुमाल लावून उभा. "कवापासनं घान सुटलीय! नाकं गेली काय तुमची?" शेजारची बाई भिंतीवरून ओरडली.

अक्का माझ्याकडं बघत होती. मी तिच्याकडं.

"सांगोला," ती अगदी हळू म्हणाली, "तुझी पण गेली?"

"माज्या नाकाला काय झाल्यालं न्हाय! भांडनात ध्यान नव्हतं."

"डोळे मीट."

मी मिटले. मी कशाला घाबरतोय? पोरीला तिनं काहीतरी खूण केली असणार. माझ्या नाकाखाली काहीतरी आणलं. आता वासाचं झाड समोर, भांडण वासाचं, दुसरं काय आणणार? मी म्हणालो, "कुंदा. आला वास."

 मी डोळे उघडले. पोरीच्या हातात फिनेलची बाटली होती, बूच काढलेली.

भिंतीवरची डोकी हसायला लागली. त्यातले एकदोन आज टपरीवर बसून अक्काला येडी म्हणणारे. त्या दिवशी ती हसली नाही, आणि त्या पोरीनंही हसू दिलं नाही. तिनं बाटलीला बूच लावलं आणि भिंतीकडं बघून म्हणाली, "काय तमाशा हाय काय हितं? जावा की आपापल्या घरला." पहिल्यांदाच मला ती पोरगी आवडली.

वास गेला की माणसाला कळत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. आवाज बंद झाला तर शांतता तरी ऐकू येते. वास बंद झाला तर काहीच होत नाही.

अक्का दगडावर बसली आणि मला खाली बस म्हणाली. मग तिनं मला जे सांगितलं ते बोळात कुणाला ठाऊक नाही. भट्टीवर कामाला असताना धुरानं डोकं चढायचं म्हणून ती थंडीत सकाळी फूलवालीकडून कुंद्याची फुलं घ्यायची आणि पदराच्या टोकात बांधून मधे मधे नाकाशी धरायची. एका थंडीत त्या फुलांना वास येईना. तिनं फूलवालीला शिळी फुलं देते म्हणून भर बाजारात शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी परत तसंच. मग तिनं त्या बाईच्या झिंज्या धरल्या, टोपली लाथाडली. लोकांनी सोडवलं. फूलवाली रडत म्हणत होती, माझी फुलं पहाटेची आहेत, वास घे, वास घे. अक्काला वाटलं, खोटं बोलते.

"मग कवा कळलं?"

"नवऱ्यानं सांगितली. तो पण मला पहिले खोटाच वाटला." ती झाडाकडं बघत होती. "फूलवाली परत आमच्या गल्लीत आली नाही. मी शोधली. मिळाली नाही. म्हणून झाड लावली."

आता सांगा. येडी म्हणायची ह्या बाईला?

मग ती उठली. पोरगी आपल्या दारात जळकं पातेलं राखेनं घासत बसली होती. माझं पातेलं. अक्का तिच्यापुढं जाऊन उभी राहिली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिनं त्या पोरीला तिच्या नावानं हाक मारली. "ये. वास घे."

"मी कशाला? मी लबाड हाय न्हवं?" पोरगी वर न बघता म्हणाली.

"होती. आता घे."

पोरीनं हात धुतले, राख गेली का बघितलं, पदराला पुसले. झाडाजवळ गेली. लांबून घेतला, जवळून घेतला, मग एका फांदीत तोंड घालून डोळे मिटून कितीतरी वेळ उभी राहिली. मला वाटलं आता ही घमघमाट म्हणणार, आणि अक्का कोयता उचलणार. 

"हाय," ती म्हणाली. "पर लई न्हाय, अव्वा. मोगऱ्यावानी न्हाय. लांबनं तर येतच न्हाय. पार नाक लावलं की मग बारीक, गार गार येतोय." आणि अपराध्यासारखी मागं सरली.

अक्कानं कपाळाला हात लावला आणि मटकन दगडावर बसली. "हां," ती म्हणाली, "तेवढीच. कुंद्याला तेवढीच असते." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येत होतं ते तिनं पुसलं पण नाही. एवढे दिवस लोक तिला दारापर्यंत येतो, घमघमतो म्हणून सांगत होते, तिला खरं वाटणार कसं? कोयता पोरीनंच उचलून आत नेऊन ठेवला.

मी उठून खोलीकडं निघालो. मला कुणाशी बोलायचं नव्हतं. ज्या नाकाच्या जोरावर मी त्या अंगणात ताठ चालत होतो ते गेलेलं, डाळ जळलेली, पातेलं दुसऱ्याच्या हातात.

"सांगोला! जेवायला ये."

"भूक न्हाय."

"तुझी डाळ अंगणात पडली. नखरे करू नको."

मी गेलो. तिनं ताटात भाताचा डोंगर केला आणि त्यावर आमटी ओतली. आमटी लाल भडक, चिंचेनं आंबट, वर हिरवी मिरची मोडून घातलेली. शिलाईच्या पोरीलाही वाढलं. तिनं एक घास घेतला आणि तिच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहायला लागलं. "आगं आई गं! अव्वा, हे खायाचं हाय का जाळायचं?"

मी पहिला घास घेतला. तापापासून रोज जेवत होतो, पण तोंडात माती जातेय का भात तेही कळत नव्हतं. हा घास कळला. तिखट कळलं, आंबट कळलं, मीठ कळलं. अक्का नाक गेल्यापासून असंच जेवत आली असणार, आणि कुणी तिला त्याचं कारण विचारलं नसणार. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, पण काही विचारत नव्हती. मला पण चांगलं झालंय असं म्हणवेना.

"तिखट कमी हाय," मी म्हणालो.

तिनं मिरच्यांची परडी माझ्याकडं सरकवली.